डिस्क ॲरे गेला, सर्व्हर बसला: हात कुठे लावायचा आणि कुठे नाही

रेड ५ वर (अनेक डिस्क एकत्र जोडून, एक गेली तरी डेटा वाचेल अशा ॲरेवर) चालणारा सर्व्हर बंद पडतो तेव्हा बहुतेक वेळा डेटा डिस्कवर शाबूत असतो. तो खरा जातो पुढच्या तास-दोन तासांत, कोणीतरी घाईघाईने दिलेल्या एखाद्या कमांडमुळे. लहान ऑफिस, पतसंस्था, दवाखाना, कॉलेजची लॅब अशा ठिकाणी एकच माणूस नेटवर्क, प्रिंटर आणि सर्व्हर सगळं सांभाळतो आणि अशा वेळी विचारायला जवळ कोणी नसतं. हे त्या माणसासाठी लिहितोय.

उदाहरणाला एक नेहमीचा सेटअप धरू. डेबियन किंवा उबुंटू, ४ टीबीच्या चार डिस्क, एमडीएडीएमने (लिनक्समध्ये रेड बनवणारं आणि सांभाळणारं साधन) बनवलेला रेड ५, त्यावर ईएक्सटी४ फाइल सिस्टम, सांबाचे (नेटवर्कवर फाइली वाटून देणारी सेवा) शेअर फोल्डर आणि एक मायएसक्यूएल डेटाबेस. ऑपरेटिंग सिस्टम दोन छोट्या एसएसडींच्या रेड १ वर. सकाळी लोक कामाला बसतात आणि कोणालाच काही उघडत नाही.

आधी हे थांबवा

सर्व्हर पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करू नका. मरायला टेकलेली डिस्क प्रत्येक वेळी नव्याने फिरायला लागते आणि एखाद्या वेळी ती फिरतच नाही. चालू ॲरेतून डिस्क काढून परत घालून बघू नका. एफएससीके (फाइल सिस्टम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवू नका. ॲरे अर्धवट किंवा चुकीचा जुळलेला असेल तर एफएससीके चांगल्या फाइलींनाही कचरा समजून साफ करतं. नवीन डिस्क लगेच ॲड करू नका. आणि एमडीएडीएमचा नवा ॲरे बनवणारा क्रिएट पर्याय तर विसरूनच जा. इंटरनेटवर 'क्रिएट आणि अझ्यूम-क्लीन दिलं, सगळं परत आलं' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. डिस्कचा क्रम, चंक साइज (एका डिस्कवर सलग लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याचा आकार), मेटाडेटाची (ॲरेची रचना सांगणारी, डिस्कवरच लिहिलेली नोंद) आवृत्ती आणि डेटा जिथून सुरू होतो तो ऑफसेट, या सगळ्या गोष्टी अचूक जुळल्या तरच ते परत येतं. एमडीएडीएमच्या जुन्या आणि नव्या आवृत्त्यांत यातली डीफॉल्ट मूल्यं बदललेली आहेत. म्हणजे तुम्ही 'तीच' कमांड दिली तरी निकाल तोच येईल असं नाही, आणि ती देताना जुना मेटाडेटा मात्र पुसला जातो.

स्क्रीनवर जे दिसतंय त्याचा मोबाइलवर फोटो काढा. मग साहेबांना सांगा की आज संध्याकाळपर्यंत सर्व्हर सुरू होईल असं धरू नका. हे सांगायला जड जातं, पण 'तासाभरात करतो' असं बोलून बसलं की पुढची प्रत्येक चूक त्या एका तासाच्या दडपणाखाली होते.

खरंच ॲरेच गेलाय का?

'सर्व्हर पडला' या दोन शब्दांत चार वेगवेगळी दुखणी लपलेली असतात.

बूट डिस्कच सापडत नाही असा संदेश येत असेल तर मोठ्या ॲरेचा कदाचित काही संबंधच नसतो. रेड १ मधल्या दोन एसएसडींपैकी पहिली गेली आणि ग्रब (सिस्टम सुरू करून देणारा बूटलोडर) फक्त तिच्यावरच बसवलेला होता, असं पुष्कळदा निघतं. रेड १ डेटाची जुळी प्रत ठेवतो. बूटलोडर आणि ईएफआय पार्टिशन आपोआप दुसरीकडे जात नाहीत. लाइव्ह यूएसबीवरून दुसऱ्या एसएसडीवर ग्रब बसवला की काम होतं.

मशीन सुरू होतं, दीड मिनिट कशाची तरी वाट बघतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन रूटचा पासवर्ड मागतं. इथे ॲरे जुळला नाही म्हणून एफएसटॅबमधली (बूटच्या वेळी काय माउंट करायचं त्याची यादी) त्याची ओळ अडली आहे. त्या ओळीपुढे हॅश टाकून रीस्टार्ट केलं की निदान सिस्टम वर येते आणि निवांत बसून तपासता येतं. पुढे त्या ओळीत नोफेल पर्याय (ॲरे नसला तरी बूट अडत नाही) कायमचा घालून ठेवा.

इनिटरॅमएफएसचा (बूटच्या सुरुवातीची छोटी तात्पुरती सिस्टम) प्रॉम्प्ट आला तर रूट फाइल सिस्टमच मिळालेली नाही. तेव्हा लाइव्ह यूएसबी लागेल. मात्र काही लाइव्ह सिस्टम ॲरे दिसला की आपणहून जुळवायला जातात. शंका असेल तर आधी डिस्कच्या केबल काढून यूएसबी बूट करून बघा.

चौथं, सर्व्हर चालू आहे पण फाइल सिस्टम रीड-ओन्ली झाली आहे आणि कर्नलच्या लॉगमध्ये इनपुट-आउटपुट एरर धडाधड पडतायत. ही स्थिती खरं म्हणजे सगळ्यात सोयीची. सांबा आणि मायएसक्यूएल थांबवा, जे वाचता येतंय ते लगेच बाहेरच्या डिस्कवर उतरवा, मग पुढे चला.

आकडे वाचायला शिका

प्रॉक फोल्डरमधली एमडीस्टॅट फाइल वाचण्यात काहीच धोका नाही. धडधाकट चार डिस्कच्या ॲरेत शेवटी चौकटी कंसात चार यू दिसतात. एका यूच्या जागी खालची रेघ असेल तर एक डिस्क बाहेर आहे, पण ॲरे चालू शकतो. दोन रेघा असतील तर रेड ५ चं गणित संपलं. रेड ५ प्रत्येक पट्ट्यात तीन तुकडे डेटाचे आणि एक तुकडा त्या तिघांच्या एक्सऑरचा (बिटांच्या एका गणिताचा निकाल, म्हणजेच पॅरिटी) ठेवतो. एक हरवला तर उरलेल्या तिघांवरून काढता येतो, दोन हरवले तर नाही. डिस्कच्या नावापुढे कंसात एफ असेल तर कर्नलने तिला नापास केलंय. ॲरे इनॲक्टिव्ह आणि सगळ्यांपुढे एस दिसत असेल तर एखाद वेळी काहीच बिघडलेलं नसतं, बूटच्या वेळी एखादी डिस्क उशिरा जागी झाली म्हणून जुळणी अर्ध्यावर राहिलेली असते.

यानंतर प्रत्येक डिस्कच्या रेडच्या पार्टिशनवर एमडीएडीएम एक्झामिन पर्यायासह चालवा आणि निकाल एका फाइलमध्ये साठवून ती फाइल सर्व्हरबाहेर ठेवा. यातून डिस्कचा क्रम, चंक साइज, मेटाडेटाची आवृत्ती, ऑफसेट सगळं कळतं. पण आज आपल्याला दोन ओळी हव्या आहेत: शेवटच्या अपडेटची वेळ आणि इव्हेंट काउंट. ॲरेच्या स्थितीत काही बदल झाला की हा काउंट वाढतो आणि त्या क्षणी ॲरेत असलेल्या प्रत्येक डिस्कवर लिहिला जातो. जी डिस्क बाहेर पडली तिचा आकडा तिथेच गोठतो.

समजा चार डिस्कचे, त्यांच्या लिनक्समधल्या नावांनी, आकडे असे आले: एसडीए ४८२१३, एसडीबी ४८२१३, एसडीसी ४८२०९, एसडीडी ३१८७७. पहिल्या तिघींची वेळ आज पहाटेची, एसडीडीची चार महिन्यांपूर्वीची.

आता नीट वाचा. आज पडली ती एसडीसी. एसडीडी चार महिन्यांपूर्वीच ॲरेतून बाहेर गेली होती आणि तेव्हापासून ॲरे तीन पायांवर चालत होता, कोणाच्या लक्षात न येता. कदाचित एसडीडी तपासली तर ती तब्येतीने ठणठणीत निघेल, एखादी केबल सैल झाली म्हणून बाहेर पडली असेल. नवखा माणूस इथेच फसतो. त्याला वाटतं, एसडीसी खराब आहे, एसडीडी चांगली आहे, तर एसडीडी घालून ॲरे चालू करू. तसं सक्तीने केलंत तर दोन भाग आजचे आणि एक भाग चार महिन्यांपूर्वीचा असा मिश्र डेटा तयार होतो. फोल्डरची नावं दिसतील, जुन्या फाइली उघडतील, आणि मधल्या काळात लिहिलेलं सगळं तुटकं निघेल. त्यावर एफएससीके चालवलं की उरलंसुरलंही गेलं.

आपल्याला हव्यात ए, बी आणि सी. एसडीसीचा आकडा फक्त चारने मागे आहे, म्हणजे ती पडताना जेमतेम काही नोंदी हुकल्या आहेत. एवढा फरक एमडीएडीएमच्या फोर्स (सक्तीने जुळव) पर्यायाने सांभाळून घेता येतो. हजारोंचा फरक असेल तर ती डिस्क बाजूला ठेवा, फेकू मात्र नका.

खराब डिस्क की खराब केबल?

कर्नलच्या लॉगमध्ये डिस्क कधी आणि काय म्हणत पडली ते शोधा. दोन डिस्क एकाच सेकंदाला गायब झाल्या असतील तर दोन्ही एकदम मेल्या असं मानू नका. पॉवरची वायर, एसएमपीएस, बॅकप्लेन किंवा कंट्रोलर कार्ड यांच्याकडे आधी बघा. अशा ठिकाणी मशीन बंद करून वायर बदलली की डिस्क परत दिसतात, आणि इव्हेंट काउंटही जवळजवळ सारखेच निघतात.

मग स्मार्टसीटीएल (डिस्कची तब्येत सांगणारं साधन) चालवून चार आकडे पाहा. ५ नंबरचा आकडा म्हणजे बदली दिलेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता न येणारे, अजून निर्णय न झालेले सेक्टर. १९८ म्हणजे तपासणीत सापडलेले न सुधारणारे. हे वाढत असतील तर डिस्क खरोखर जातेय. १९९ म्हणजे सीआरसी एरर (जाता-येता बिघडलेला डेटा), ही तक्रार बहुतेक वेळा सॅटा केबलची असते.

एक गोष्ट डेस्कटॉप डिस्क वापरणाऱ्यांसाठी. नॅस किंवा सर्व्हरसाठीची डिस्क खराब सेक्टरवर साधारण ७ सेकंद प्रयत्न करून एरर देते, मग रेड तो तुकडा बाकीच्यांवरून काढून घेतो. डेस्कटॉप डिस्क मिनिट-मिनिटभर अडून बसू शकते. लिनक्स कर्नल डीफॉल्टने ३० सेकंद वाट बघतो, मग लिंक रीसेट करतो आणि तेवढ्यावर अख्खी डिस्क ॲरेबाहेर जाऊ शकते. डिस्क ही सोय देत असेल तर स्मार्टसीटीएलच्या एससीटी-ईआरसी सेटिंगने मर्यादा ७ सेकंदांवर आणा. देत नसेल तर कर्नलची वेळ १८० सेकंदांपर्यंत वाढवा.

डिस्क टकटक आवाज करत असेल किंवा फिरतच नसेल, तर पॉवर काढा आणि घरगुती उपाय बंद करा. ते काम डेटा रिकव्हरी लॅबचं. खर्च मोठा असतो, म्हणून निर्णय मालकाने घ्यावा, तुम्ही नाही.

आणखी एक: एसडीए, एसडीबी ही अक्षरं रीबूटनंतर बदलतात. कुठलीही डिस्क ओळखायची ती तिच्या सीरियल नंबरवरून. कागदावर चार सीरियल नंबर, त्यांचे इव्हेंट काउंट आणि केसमधली जागा असा तक्ता हाताने लिहून काढा. पुढचं सगळं काम त्या कागदावर चालेल.

प्रत काढा, मग प्रयोग करा

मूळ डिस्कवर काहीही करून बघायचं नाही. निदान एसडीसीची तरी सेक्टर टू सेक्टर प्रत नव्या डिस्कवर घ्या, जमल्यास तिन्हींची. त्यासाठी जीएनयूचं डीडीरेस्क्यू वापरा, साधं डीडी नको. डीडीरेस्क्यू आधी जे सहज वाचता येतं ते उचलतं, अडलेले भाग मागे ठेवतं आणि शेवटी तिथे परत जातं. काय वाचलं, काय राहिलं याचा हिशेब ते मॅपफाइलमध्ये ठेवतं. ही फाइल तिसऱ्याच डिस्कवर असू द्या. वीज गेली किंवा मशीन अडकलं तर काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. नवी डिस्क आकाराने तेवढी किंवा थोडी मोठी हवी. कमांडमध्ये आधी स्रोत, मग नवी डिस्क. एंटर दाबण्यापूर्वी दोन्ही सीरियल नंबर कागदाशी ताडा. इथे उलटापालट झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि मग खरंच काही करता येत नाही.

४ टीबीची निरोगी डिस्क सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने वाचली तरी सात-साडेसात तास लागतात. आजारी डिस्कला दोन दिवसही लागतील. डिस्क तापत असेल तर समोर टेबलफॅन लावा.

प्रत पूर्ण झाल्यावर काही सेक्टर वाचता आले नाहीत असं मॅपफाइल सांगेल. नव्या डिस्कवर त्या जागा रिकाम्या राहतात आणि रेडला त्याचा पत्ता नसतो. डीडीरेस्क्यूच्या फिल मोडने त्या जागांवर एखादी ठरावीक खूण लिहून ठेवा. पुढे फाइली शोधताना ती खूण ज्या फाइलीत सापडेल ती फाइल खराब, हे पक्कं कळतं. मात्र एसडीडी नसताना तिच्या वाट्याचा डेटा याच तुकड्यांवरून काढला जातो. त्यामुळे एसडीसीवरच्या एका खराब सेक्टरने दोन ठिकाणी नुकसान होऊ शकतं, आणि दुसऱ्या ठिकाणी खूण दिसत नाही.

जुळणी

मूळ एसडीसी आणि एसडीडी काढून कपाटात ठेवा. आता ए, बी आणि सीची प्रत एवढ्याच तिघींची नावं देऊन एमडीएडीएमला असेंबल करायला सांगा, सोबत फोर्स आणि रीड-ओन्ली. स्कॅन पर्याय नको, तो सापडेल ती डिस्क उचलू शकतो. फोर्समुळे सुपरब्लॉकमध्ये (डिस्कवरच्या मेटाडेटाच्या जागेत) थोडं लिहिलं जातंच, म्हणून ए आणि बीच्याही प्रती असतील तर त्याच वापरा. तेवढ्या डिस्क नसतील तर डिव्हाइस मॅपरचा स्नॅपशॉट वापरून ओव्हरले करता येतो. सगळं लिखाण एका वेगळ्या फाइलीत जातं आणि मूळ डिस्कला धक्का लागत नाही.

ॲरे तीन यू आणि एक रेघ दाखवत उभा राहिला की माउंट करा, रीड-ओन्ली आणि नोलोड या दोन पर्यायांसह. नुसतं रीड-ओन्ली पुरत नाही, कारण ईएक्सटी४ माउंट होताना जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही) चालवून डिस्कवर लिहायला जाते. ईएक्सटी४ ऐवजी एक्सएफएस फाइल सिस्टम असेल तर तिथे नोरिकव्हरी द्या. एक्सएफएस-रिपेअरचा जर्नल शून्य करणारा एल पर्याय सगळ्यात शेवटी, आणि तोही प्रतीवरच.

फोल्डर दिसले म्हणून निःश्वास टाकू नका. चंक साइजपेक्षा बऱ्याच मोठ्या, अलीकडच्या फाइली उघडा: कालची झिप, मोठी पीडीएफ, मागच्या आठवड्याचा व्हिडिओ. डिस्कचा क्रम चुकला असेल तर छोट्या फाइली एखाद वेळी बरोबर निघतात आणि मोठ्या फुटतात. त्या नीट उघडल्या की सगळा डेटा दुसऱ्या जागी कॉपी करा. आधी कॉपी, रीबिल्ड (गेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा तयार करणं) मागाहून. रीबिल्डमध्ये उरलेल्या प्रत्येक डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचावा लागतो. सारख्याच वयाच्या, बऱ्याचदा एकाच लॉटमधल्या डिस्कवर हा ताण टाकायचा आणि डेटाची दुसरी प्रत नाही, ही जोखीम मी कोणालाही घेऊ देणार नाही.

डेटाबेसचं काम वेगळं. मायएसक्यूएल सेवा लगेच सुरू करू नका. तिचं डेटा फोल्डर जसंच्या तसं दुसऱ्या मशीनवर न्या, त्याची आणखी एक प्रत ठेवा आणि तिथे सुरू करून बघा. सुरू होत नसेल तर इनोडीबीच्या (मायएसक्यूएलचं डेटा साठवणारं इंजिन) फोर्स रिकव्हरी सेटिंगला १ पासून एकेक पायरी चढवा. ज्या पायरीवर चालू होईल तिथे लगेच डंप काढून कोऱ्या सर्व्हरवर भरा. ४ आणि त्यापुढच्या पायऱ्या डेटा फाइली कायमच्या बिघडवू शकतात.

एकच डिस्क गेली तरी ॲरे उठत नसेल

वीज जाणं आणि डिस्क जाणं एकाच वेळी झालं की हे होतं. आपल्याकडे यूपीएसच्या बॅटऱ्या वेळेवर बदलल्या जात नाहीत, त्यामुळे नवलही नाही. लिहिता लिहिता वीज गेली तर डेटा आणि पॅरिटी जुळतात की नाही याची खात्री नसते, आणि एक डिस्क नसताना ते तपासायला दुसरा आधार नसतो. अशा ॲरेला कर्नल स्वतःहून सुरू करायला नकार देतो. उपाय वर सांगितलेलाच: प्रत, फोर्स, रीड-ओन्ली, कॉपी.

हार्डवेअर रेड कार्ड असेल तर

कार्डच्या मेन्यूत 'फॉरेन कॉन्फिगरेशन' दिसलं तर इम्पोर्ट आणि क्लिअर असे दोन पर्याय येतात. क्लिअर नको. इम्पोर्टसुद्धा कुठली डिस्क आधी बाहेर पडली ते कार्डच्या लॉगमध्ये पाहिल्यावरच करायचं, जुन्या डिस्कचा सापळा इथेही तोच आहे. इनिशिअलाइज या शब्दाला हात लावू नका. डिस्क काढण्यापूर्वी प्रत्येकीवर स्लॉट नंबर चिकटवा. कार्डच मेलं असेल तर त्याच कुटुंबातलं दुसरं कार्ड बहुधा डिस्कवरची माहिती वाचून ॲरे ओळखतं.

पुन्हा उभं करताना

डेटा बाहेर सुरक्षित असेल तर जुना ॲरे डागडुजी करून वापरण्यापेक्षा नवा बनवा, आणि मोठ्या डिस्कवर रेड ५ पुन्हा करू नका. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात १ वर १४ शून्यं इतक्या बिटांमागे एक वाचता न येणारी चूक ही कमाल मर्यादा दिलेली असते. तेवढे बिट म्हणजे साधारण साडेबारा टीबी. याचा अर्थ तेवढं वाचलं की चूक होणारच असा नाही, पण ४ टीबीच्या उरलेल्या तीन डिस्क वाचताना तुम्ही १२ टीबी वाचता, आणि तेव्हा हाताशी दुसरी पॅरिटी नसते. चार डिस्कवर रेड ६ किंवा रेड १० करा. जागा ८ टीबी मिळेल, तेवढी पुरवा. डिस्क घेताना ती सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवता लिहिणारी) आहे का ते विक्रेत्याकडून लेखी घ्या. एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवून लिहिणाऱ्या) डिस्क सलग मोठ्या लिखाणात फार मंदावतात, आणि नॅससाठी म्हणून विकलेल्या काही ड्राइव्ह एसएमआर असल्याचं २०२० मध्ये उघड झालं होतं.

एमडीएडीएमच्या कॉन्फिग फाइलमध्ये नव्या ॲरेची ओळ घाला आणि इनिटरॅमएफएस अपडेट करा, नाहीतर पुढच्या बूटला ॲरे एमडी१२७ अशा नावाने उभा राहतो. एफएसटॅबमध्ये नाव न देता यूयूआयडी (फाइल सिस्टमचा स्वतःचा ओळख क्रमांक) द्या. दोन्ही एसएसडींवर ग्रब बसवा आणि पहिली एसएसडी काढून मशीन खरंच बूट होतं का ते बघा.

मग त्याच कॉन्फिग फाइलमध्ये मेल ॲड्रेसची ओळ भरा. एसडीडी चार महिने बाहेर होती हे कोणाला कळलं नाही, ते या एका ओळीअभावी. एमडीएडीएम मॉनिटर, स्कॅन, टेस्ट आणि वनशॉट या पर्यायांसह चालवा. चाचणीचा मेल तुमच्या मोबाइलवर आला नाही तर आज तेवढं दुरुस्त करूनच उठा. स्मार्टडीचे (डिस्कच्या तब्येतीवर लक्ष ठेवणारी सेवा) मेलही तिथेच येऊ द्या. डेबियन दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ॲरे पूर्ण वाचून तपासतं, ती तपासणी बंद केलेली नाही ना ते पाहा. बॅकअप ॲरेच्या बाहेर, निदान एक प्रत इमारतीच्या बाहेर. कोणी फोल्डर डिलीट केलं किंवा रॅन्समवेअर आलं तर रेड ते बदल सगळ्या डिस्कवर इमानेइतबारे लिहून ठेवतो. महिन्यातून एकदा त्या बॅकअपमधून एखादी फाइल काढून उघडून बघा, आणि सीरियल नंबरांचा तो कागद लॅमिनेट करून सर्व्हरच्या झाकणाला आतून चिकटवा.